एका गांवांत दोन दप्तरें

आमच्या गांवीं तलाठ्याची चावडी आणि ग्रामपंचायतीची कचेरी यांच्यामध्यें एक लिंबाचें झाड आहे. झाडाच्या अलीकडे चावडी, पलीकडे पंचायत. चालत गेलें तर चाळीस पावलें होतात. परंतु एका कचेरींतला कागद दुसऱ्या कचेरींत जावयाचा झाला, तर तो आधीं तहशिलीस जातो, तेथून प्रांताकडे जातो, जिल्ह्याच्या गांवीं मुक्काम करतो, मग गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो, आणि इतकें फिरून पंचायतीच्या दारांत पोंचलाच तर पोंचतो. बहुधा पोंचत नाहीं. मग त्या कागदाचें काम कोण करतो? शेतकरी करतो. पिशवींत कागद घालून, एस्टीचें भाडें भरून, रोज बुडवून तोच या दारांतून त्या दारांत फिरतो. सरकारच्या दोन खात्यांमधला बिनपगारी जासूद म्हणजे आमचा शेतकरी होय!

हें आम्ही थट्टेनें लिहीत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शाळेंतील एका मुलाचा बाप संध्याकाळीं घरीं आला. खेड्यांतल्या शिक्षकाकडे लोक मुलाच्या अभ्यासाची चौकशी करावयास जितके येतात, त्याहून अधिक सरकारी कागद वाचून घ्यावयास येतात. "गुरुजी, एवढं वाचा, काय लिवलंय ते सांगा," म्हणून त्यानें एक नोटीस पुढें केली. नोटीस तहशिलीची होती. अमुक गटांतील दोन गुंठे शेतजमीन तुम्ही परवानगीवांचून बिनशेतीकडे लावली आहे, तरी तुम्हांस दंड कां करूं नये याचा खुलासा करावा, असा तिचा मजकूर.

त्याची हकीकत अशी. नऊ वर्षांपूर्वीं त्यानें चुलतभावाकडून गावठाणाच्या कडेची दोन गुंठे जागा घेतली. व्यवहार स्टँपच्या कागदावर झाला. तीन खोल्या बांधल्या. पंचायतीनें घर आपल्या दप्तरीं चढविलें, घरपट्टी लावली, पाणीपट्टी लावली, नळ दिला. नऊ वर्षांच्या पावत्या त्यानें एका डब्यांत जपून ठेवल्या होत्या; त्या सगळ्या त्यानें आमच्या ओट्यावर मांडल्या आणि विचारलें, "पंचायत पैसे घेती, मग घर बेकायदा कसं, गुरुजी?" घरपट्टी भरल्यानें घर कायदेशीर होत नाहीं, घरपट्टी हा नुसता कर आहे, तो परवाना नव्हे, असें आम्हांस त्याला सांगावें लागलें. तेव्हां तो म्हणाला, "मग हे पैसे घेताना का नाही सांगितलं?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आजही नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्याबरोबर दोन्ही कचेऱ्यांत गेलों. पंचायतींत सांगितलें, "जमिनीचें काम महसुलाचें." चावडींत सांगितलें, "घराचें काम पंचायतीचें." दोघांचेंही म्हणणें नियमाला धरून होतें, आणि दोघांच्याही म्हणण्यानें त्या माणसाचें काडीचेंही हित झालें नाहीं. सर्वांत मौज त्याच्या सातबाऱ्यांत. त्या गटाच्या पीकपाहणींत नऊही वर्षें ज्वारी लिहिलेली! म्हणजे पंचायतीच्या दप्तरीं जेथें चूल पेटते, तेथें महसुलाच्या दप्तरीं कणसें डुलतात. बँकेनें घरावर कर्ज दिलें नाहीं, कारण सातबाऱ्यावर घर नाहीं. तहशिलीनें दंडाची नोटीस काढली, कारण जागेवर घर आहे. एकाच घरानें एका कचेरींत नसावें आणि दुसऱ्या कचेरींत असावें, आणि दोन्हीकडे तोटा मात्र घरवाल्याचाच व्हावा, हा कोणता न्याय?

हा घोळ एका दिवसांत झालेला नाहीं. शेतजमीन दुसऱ्या कामाकडे लावावयाची तर कलेक्टरची परवानगी पाहिजे, हा नियम इंग्रजांच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यापासूनचा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानें तोच पुढें चालविला. ग्रामपंचायतीचा पहिला कायदा मुंबई इलाख्यांत १९२० सालीं झाला. दिवाबत्ती, झाडलोट, विहीर हीं कामें तिच्याकडे आलीं. १९५८ च्या कायद्यानें तिचे अधिकार वाढले, गांवांतील बांधकामावर तिची नजर आली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. १९९३ सालीं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलांत आली आणि पंचायतींकडे सोंपवितां येतील असे एकोणतीस विषय घटनेच्या अकराव्या परिशिष्टांत लिहिले गेले. त्यांतला दुसराच विषय जमिनीची सुधारणा, जमीनविषयक सुधारणांची अंमलबजावणी, एकत्रीकरण आणि मृदसंधारण हा आहे. घटना म्हणते, जमिनीशीं पंचायतीचा संबंध आहे. दप्तर म्हणतें, नाहीं! दोन कायदे दोन काळांत झाले, दोन खात्यांनीं केले, आणि त्या दोहोंना एकमेकांशीं बोलावयास लावणारें कलम मात्र कोणीं मनावर घेऊन लिहिलें नाहीं.

गांवचा कागद एकाच्या मुठींत असला म्हणजे काय होतें, हें बहुजन समाजाला नव्यानें सांगावयास नको. कुलकर्ण्याच्या बस्त्यांत काय लिहिलें आहे, हें ज्याची जमीन त्यालाच कळत नसे. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं करवीर संस्थानांतील कुलकर्णी वतनें खालसा करून पगारी तलाठी नेमले. तें वतन गेलें, हें मोठें काम झालें. परंतु मुठींतून सुटलेला कागद लोकांच्या हातीं पूर्ण आला काय? तो दोन कपाटांत बंद झाला, आणि एका कपाटाची किल्ली दुसऱ्या कपाटाला लागत नाहीं, एवढाच फरक झाला.

आजची घडी पहा. तलाठी मंडल अधिकाऱ्याच्या हाताखालीं, मंडल अधिकारी तहसीलदाराच्या, तहसीलदार प्रांताच्या, प्रांत कलेक्टरच्या. ग्रामसेवक गटविकास अधिकाऱ्याच्या हाताखालीं, तो जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या. या दोन वाटा गांवांत शेजारीं शेजारीं सुरू होतात आणि पार मुंबईंत मंत्रालयांत एकत्र येतात. तेथेंही महसूल खातें वेगळें, ग्रामविकास खातें वेगळें. तलाठ्याचे गांव नमुने एकवीस. पंचायतीचे नमुने तेहतीस. महसुलाचा नमुना आठ-अ म्हणजे खातेदाराच्या जमिनीचें खातें. पंचायतीचा नमुना आठ म्हणजे घरांची आकारणी. आमच्या बायाबापड्यांना यांतला फरक कोणीं सांगावा? 'आठाचा उतारा आणा' म्हटलें कीं ते एक घेऊन येतात आणि 'हा नव्हे, तो' म्हणून परत जातात. २०२४ सालीं सरकारनें तलाठ्याचें नांव ग्राम महसूल अधिकारी केलें आणि ग्रामसेवकाचें ग्रामपंचायत अधिकारी केलें. दोघेही अधिकारी झाले, आनंद आहे! आतां दोन अधिकाऱ्यांनीं एकमेकांना काय कळवावें, हेंही ठरवून टाकलें असतें तर नांव बदलल्याचें सार्थक झालें असतें.

कोणी म्हणेल, गुरुजी, दोन गुंठ्यांच्या घरासाठीं एवढा मोठा लेख कशाला? तर प्रश्न एका घराचा नाहीं. शेतजमीन राखावयाची कीं नाहीं, हा प्रश्न आहे. काळ्या रानावर एकदां सिमेंट पडलें कीं तेथें पुनः नांगर चालत नाहीं. म्हणूनच शेतजमिनीच्या रूपांतरावर कोणाची तरी राखण पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. तुकडे पडून शेती मोडूं नये म्हणून १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला, त्याचाही हेतु वाईट नव्हता. परंतु राखणदाराला रान दिसलें पाहिजे. कलेक्टराला गट नंबर दिसतो, क्षेत्र दिसतें, आकार दिसतो, भोगवटादाराचें नांव दिसतें. पावसाळ्यांत पाणी कोठून येतें आणि कोठें जातें, गुरें कोणत्या पाणंदीनें रानांत जातात, खालच्या विहिरीला झरा कोणत्या अंगानें आहे, हें त्याला सातबाऱ्यावर कोठें दिसणार? हें गांवाला दिसतें. ज्याला अधिकार आहे त्याला माहिती नाहीं, आणि ज्याला माहिती आहे त्याला कोणी विचारीत नाहीं.

आमच्या बाजूस एका गांवीं असेंच झालें. वरच्या अंगाचें रान विकलें गेलें, तेथें प्लॉट पडले. मधून एक लहान ओढा जात होता. उन्हाळ्यांत कोरडा, म्हणून नकाशावर किरकोळ. तो मुरूम टाकून बुजविला, वर रस्ता केला. परवानगीचा हुकूम झाला होता. त्याची नक्कल पंचायतीला मिळाली ती रस्ता होऊन गेल्यावर. पहिल्याच जोराच्या पावसांत वरचें सगळें पाणी खालच्या चार शेतकऱ्यांच्या रानांत शिरलें आणि काढणीला आलेला कांदा जागेवर सडला. पंचायतीला विचारलें तर म्हणे, आम्हांला कोणीं विचारलें? महसुलाला विचारलें तर म्हणे, पंचायतीची हरकत आली नाहीं! हरकत येणार कशी? कळविल्यावांचून हरकत घेण्याची विद्या आमच्या सरपंचांना अजून साधलेली नाहीं.

अशा वेळीं शेतकऱ्याला १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचें पांचवें कलम आहे. पाण्याचा स्वाभाविक प्रवाह किंवा शेताचा रस्ता अडविला तर सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दावा करतां येतो. म्हणजे ज्या महसूल खात्याच्या हुकुमानें प्लॉट पडले, त्याच खात्याच्या दारांत दावा घेऊन उभें रहावयाचें. हुकूम काढण्यापूर्वीं पंचायतीला एक पत्र पाठविलें असतें, तर हा दावा, ही वकिलाची फी आणि चार घरांचा सडलेला कांदा वांचला असता. एका पत्राची किंमत एवढी असते.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळें पाप महसूल खात्याच्या माथीं मारून आमच्या पंचायतींना सोंवळें ठरविणें हा खोटेपणा होईल. गांवांत प्लॉट पडतात तें सरपंचाला दिसत नाहीं काय? दिसतें. परंतु पाडणारा कोणाचा तरी पाहुणा असतो, नाहीं तर पुढच्या निवडणुकींतला जामीन असतो. घर उभें राहूं द्यावें, घरपट्टी लावावी, उत्पन्न वाढलें म्हणून अहवालांत लिहावें, आणि पुढें नोटीस आली कीं 'तें महसुलाचें काम' म्हणून हात झटकावे, ही आमच्या पुष्कळ पंचायतींची चाल आहे. बेकायदा बांधकाम चाललें आहे असें तहशिलीस कळविणारें पत्र किती पंचायतींनीं पाठविलें असेल? कळविलें तर मत जातें, न कळविलें तर गरिबाचें घर जातें. आणि आमचे पुढारी मताचा हिशेब आधीं करतात. ज्यांना आपल्या हातीं अधिकार पाहिजे, त्यांनीं अप्रिय पत्र लिहिण्याचेंही धैर्य दाखविलें पाहिजे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, त्याचें कारण असें. गेल्या दहाबारा वर्षांत सरकारनें बिनशेतीचे नियम एकामागून एक सैल करीत आणले. जेथें विकास आराखडा मंजूर झाला आहे तेथें वेगळ्या परवानगीची गरज ठेवली नाहीं. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशें मीटरपर्यंतच्या जमिनीलाही तशी सवलत देणारें कलम कायद्यांत आलें. लोकांचे हेलपाटे कमी व्हावे हा हेतु चांगला. पण हे दोनशें मीटर कोठपर्यंत येतात, हें गांवांत कोणाला ठाऊक आहे? हद्दीचा नकाशा भूमि अभिलेख खात्याच्या कपाटांत असतो. तो पंचायतीच्या भिंतीवर आम्हीं तरी कोठें पाहिला नाहीं. दलालाला मात्र तो पाठ असतो! तो शेतकऱ्याला सांगतो, 'तुझी जमीन आंत येते,' आणि घेणाऱ्यालाही तेंच सांगतो. पुढें मोजणी होते आणि जमीन बाहेर निघते. पुण्याभोंवतालच्या गांवांत तर २०१५ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हें तिसरें दप्तर आलें आहे. फाटक जितकें रुंद करावें, तितकी फाटकावरची नोंद नीट पाहिजे. परवानग्या कमी झाल्या तर कळविण्याचें काम वाढलें पाहिजे. आमच्याकडे दोन्ही एकदमच कमी होत आहेत.

यावर एक आक्षेप हटकून येतो. पंचायतीला विचारावयाचें ठरलें तर तेथें राजकारण शिरेल, विरोधकाचा अर्ज अडकेल, आणि एका टेबलाऐवजीं दोन टेबलांवर हात ओले करावे लागतील. हा आक्षेप पोकळ नाहीं. म्हणूनच आमचें म्हणणें नीट ऐकून घ्यावें. पंचायतीला नकाराधिकार द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. निर्णय कलेक्टरचाच राहो. परंतु अर्ज आला हें पंचायतीला कळावें, तिला ठरलेल्या मुदतींत लेखी सांगतां यावें, न सांगितलें तर तिची हरकत नाहीं असें धरून पुढें जावें, आणि सांगितलेलें न मानल्यास कां मानलें नाहीं हें कलेक्टरनें एका ओळींत लिहावें. अधिकार ज्याचा त्याच्याकडे राहो, माहिती मात्र दोघांची असो. लेखी आणि मुदतींत झालेल्या कामांत अडवणूक करणें कठीण असतें. अडवणूक तोंडी कामांत होते.

ही कांहीं आम्हीं स्वप्नांत पाहिलेली गोष्ट नाहीं. कॅनडा देशांत ब्रिटिश कोलंबिया नांवाचा प्रांत आहे. डोंगर आणि जंगल फार, कसण्याजोगी जमीन थोडी. व्हँकूवर शहर वाढूं लागलें तशी फ्रेझर नदीच्या खोऱ्यांतली उत्तम जमीन घरांखालीं जाऊं लागली. तेव्हां तेथील सरकारनें २१ डिसेंबर १९७२ रोजीं हुकूम काढून शेतजमिनीचें रूपांतर थांबविलें आणि १८ एप्रिल १९७३ पासून कायदा अमलांत आणून स्वतंत्र जमीन आयोग नेमला. प्रांताची सुमारें पांच टक्के जमीन शेतीसाठीं राखीव केली. आतां त्यांची कळविण्याची रीत पहा. राखीव जमिनीचा दुसरा वापर करण्याचा किंवा तिचे भाग पाडण्याचा अर्ज प्रथम त्या गांवच्या किंवा विभागाच्या स्थानिक संस्थेकडे जातो. ती आपला अभिप्राय लावून तो आयोगाकडे पाठविते, आणि कांहीं बाबतींत पुढें न पाठविण्याचाही तिला अधिकार आहे. शेवटचा निकाल आयोगाचा. उलट स्थानिक संस्थेनें आपला विकास आराखडा केला आणि त्यांत राखीव शेतजमीन आली, तर तो मंजूर करण्यापूर्वीं आयोगाकडे अभिप्रायासाठीं पाठवावाच लागतो. आयोगाचे निकाल कोणालाही वाचतां येतील असे प्रसिद्ध होतात. म्हणजे कागद दोन्ही बाजूंनीं चालतो.

तेथें सर्व आलबेल आहे असें मात्र समजूं नये. व्हँकूवरजवळच्या रिचमंड शहरांत शेतजमिनीवर शेतकऱ्याच्या घराच्या नांवाखालीं मोठमोठे वाडे उभे राहिले. घर केवढें असावें याची मर्यादा गांवोगांव निराळी होती. अखेर प्रांताच्या सरकारला कायदा बदलावा लागला आणि २०१९ सालीं राखीव जमिनीवरील घरास सर्वत्र पांचशें चौरस मीटरची मर्यादा घातली गेली. यांतूनही एकच धडा निघतो. वरचा राखणदार आणि गांवची संस्था यांचें माप एक नसलें, म्हणजे मधल्या फटींतून पैसेवाला आंत शिरतो. तेथें वाडेवाला शिरला, येथें प्लॉटवाला शिरतो.

आमच्या सरकारला ही रीत जमणार नाहीं, असेंही नाहीं. गावठाणांतील घरांची ड्रोननें मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना केंद्र सरकारनें २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू केली. महाराष्ट्रांत त्या कामाला भूमि अभिलेख खातें, ग्रामविकास खातें आणि भारतीय सर्वेक्षण विभाग हे तिघे एकत्र लागले. घराघराला चुन्याची रेघ मारण्याचें काम पंचायतीनें केलें आणि उडणारें यंत्र दुसऱ्या खात्याचें होतें. गावठाणाच्या आंत दोन्ही खातीं एका नकाशावर बसूं शकतात, तर गावठाणाच्या रेघेबाहेर पाऊल टाकतांच त्यांची तोंडें दोन दिशांना कां व्हावीं? सातबारा संगणकावर आला, २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळूं लागला, २०२१ पासून शेतकरी मोबाइलवर आपली पीकपाहणी करूं लागला. पंचायतींतही संगणक आहे. गांवचा सातबारा आज परदेशांतून पाहतां येतो. परंतु पंचायतीचा नमुना आठ आणि चावडीचा सातबारा हे दोन कागद एकमेकांना अजून ओळखीत नाहींत.

तेव्हां काय करावें, तें आम्ही मोजक्या शब्दांत सांगतों. यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा पैसा लागत नाहीं.

पहिली गोष्ट, पंचायतीच्या नमुना आठमध्यें प्रत्येक घरापुढें जमिनीचा गट नंबर आणि ती जागा गावठाणांतली, बिनशेती कीं शेतीची, हें लिहावें. घरपट्टीच्या पावतीवर ठळक अक्षरांत छापावें कीं, ही पावती म्हणजे बांधकामाचा किंवा बिनशेतीचा परवाना नव्हे. एवढी एक ओळ छापली असती तर त्या गृहस्थाला नऊ वर्षांपूर्वींच शहाणपण आलें असतें.

दुसरी गोष्ट, जमिनीच्या वापरांत बदल करण्याचा कोणताही अर्ज किंवा सूचना तहशिलींत आली कीं आठ दिवसांत तिची नक्कल पंचायतीस जावी आणि चावडीच्या फळ्यावर लागावी. पंचायतीनें एकवीस दिवसांत उत्तर द्यावें, आणि तें उत्तर चार गोष्टींपुरतेंच असावें: ओढा, रस्ता, पिण्याचें पाणी आणि गायरान. अर्जदार कोणत्या पक्षाचा, हा पांचवा प्रश्न त्यांत नसावा.

तिसरी गोष्ट, हुकूम झाला तर हुकुमाची आणि नकाशाची नक्कल, नाकारला तर नकाराची नक्कल, त्याच आठवड्यांत पंचायतीस मिळावी. नकार कळला नाहीं तर नाकारलेल्या जागेवरही घरपट्टी लागते. गावठाणाचा आणि सभोंवतालच्या सवलतीच्या जमिनीचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावा.

चौथी गोष्ट, महिन्यांतून एक ठरलेला दिवस, शक्य तर बाजाराचा, तलाठी आणि ग्रामसेवक यांनीं एका टेबलाशीं बसावें. एका तलाठ्याकडे अनेक गांवें असतात, हें आम्ही जाणतों. म्हणूनच दिवस ठरलेला पाहिजे. कोणीं कोणाला काय विचारलें आणि काय उत्तर मिळालें, याची एक वही असावी आणि ती कोणालाही पाहतां यावी.

पांचवी गोष्ट, २०१७ सालीं सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठीं गांवोगांव चावडीवाचन झालें होतें. तें एकदांच कां? फेरफाराची नोटीस चावडीवर लावण्याची रीत कायद्यांत आहेच. परंतु भिंतीवरचा कागद निरक्षराला काय सांगणार? म्हणून वर्षांतून निदान दोन ग्रामसभांत त्या काळांतले फेरफार आणि बिनशेतीचे हुकूम मोठ्यानें वाचून दाखवावे. बायकांनींही ऐकावे, कारण जमीन विकली गेल्याचें घरांतल्या बाईला पुष्कळ वेळां सर्वांच्या शेवटीं कळतें.

सहावी गोष्ट जुन्या घरांची. ज्या घराकडून पंचायतीनें वर्षानुवर्षें उघडपणें कर घेतला, त्या घरवाल्याला दंडाची नोटीस काढण्यापूर्वीं पंचायतीचाही खुलासा मागवावा. सरकारच्या एका हातानें पावती द्यावी आणि दुसऱ्या हातानें दंड मागावा, हें सरकारच्या अब्रूला शोभत नाहीं. घर गरिबाचें असेल, राहण्यासाठींच असेल आणि ओढा वा रस्ता अडवीत नसेल, तर तें नियमांत बसविण्याची वाट तहशिलीनें आधीं दाखवावी, दंडाची भाषा मागून करावी. प्लॉट पाडून विकणारा आणि पोटाला चिमटा घेऊन तीन खोल्या बांधणारा, हे दोघे एका नोटिशींत कोंबूं नयेत.

२०१५ सालीं आपल्या राज्यांत लोकसेवा हक्काचा कायदा झाला. माणसानें अर्ज केला तर अमुक दिवसांत काम झालें पाहिजे, असें त्यानें ठरविलें. फार चांगलें केलें. परंतु एका कचेरीनें दुसऱ्या कचेरीस विचारलें तर किती दिवसांत उत्तर द्यावें? तेथें मुदत नाहीं, म्हणून 'अभिप्राय मागविला आहे' या चार अक्षरांखालीं अर्ज वर्षभर झोंपतो. कचेरीचीही कचेरीला मुदत पाहिजे. ही मुदत सरकारला नुसत्या परिपत्रकानें घालतां येईल.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, हें सगळें सरकार आपण होऊन करील म्हणून वाट पाहत बसूं नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीं गांवोगांव ग्रामसभा भरते. तेथें बहुधा पंधरावीस डोकीं असतात आणि बाकीच्यांच्या सह्या मागाहून होतात. पुढच्या ग्रामसभेला सर्वजण जा. तीन प्रश्न विचारा. गावठाणाच्या हद्दीचा नकाशा कोठें आहे? या वर्षांत आपल्या शिवारांत किती बिनशेती झाली? आणि महसुलाकडून पंचायतीला, पंचायतीकडून महसुलाला किती पत्रें गेलीं? उत्तर मिळालें तर लिहून घ्या. न मिळालें तर ठराव करून घ्या आणि त्याची नक्कल तहसीलदाराला व गटविकास अधिकाऱ्याला एकाच दिवशीं पाठवा. ज्यांच्या घरांत मॅट्रिक झालेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनीं घरचा सातबारा, आठ-अ आणि पंचायतीचा नमुना आठ हे तीन कागद समोर ठेवून ते जुळतात कीं नाहीं, हें आजच पहावें. जुळत नसतील तर नोटीस येण्यापूर्वीं अर्ज करावा.

त्या गृहस्थाचा खुलासा आम्हीं लिहून दिला, त्याला नऊ वर्षांच्या पावत्यांच्या नकला जोडल्या. प्रकरण अजून चालू आहे. परवां तो भेटला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, तलाठी म्हणतो पंचायतीचा दाखला आण, पंचायत म्हणती तलाठ्याचा दाखला आण." लिंबाच्या झाडाखालीं बांधलेल्या पारावर तो बसला होता. एका हाताला चावडी, एका हाताला पंचायत. दोन्ही दारें उघडीं होतीं, दोन्हींकडे माणसें होतीं. त्या दोघांनीं उठून चाळीस पावलें चालावें, एवढेंच आमचें मागणें आहे.